सबनीसकाकांचं मॅन्युअल

सबनीसकाकांची आणि माझी ओळख एका चिठ्ठीनं करून दिली. शारजात राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. एका सकाळी पार्किंगमध्ये आले तर गाडीच्या वायपरखाली कागदाची घडी. दंडाची पावतीच असणार, असं वाटलं. उघडून बघते तर वळणदार मराठी अक्षर : ‘मागचा डावा – २४. पुढचे दोन्ही – २८. आजच हवा भरावी. – सबनीस, ४०४.’ डॅशबोर्डवरचा गणपती बघून त्यांनी माझी भाषा ओळखली होती, हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र डोकंच फिरलं. भल्या पहाटे माझ्या गाडीच्या चाकांना हात लावणारा हा कोण टिकोजीराव? संध्याकाळी तरातरा चौथ्या मजल्यावर गेले आणि बेल दाबली.

दार सबनीसकाकूंनी उघडलं. माझ्या हातातली चिठ्ठी बघून म्हणाल्या, “हवा ना? या आत. सगळे भांडायलाच येतात आणि चहा घेऊन जातात.”

मीही चहा घेऊन आले. सोबत डब्यात चार करंज्या आणि मागच्या डाव्या टायरच्या व्हॉल्व्हविषयी वीस मिनिटांचं व्याख्यान.

काका शारजापासून पाऊण तासावरच्या उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखाना बाटल्यांच्या झाकणांचा. झाकण लावलेली बाटली उलटी धरायची, दाबायची, आणि कुठून थेंब येतो का ते बघायचं, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. ते अंगात इतकं मुरलं होतं की कुणाकडे जेवायला गेले तरी लोणच्याची बरणी हळूच तिरपी करून बघायचे. काकू टेबलाखालून पाय मारायच्या. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी हवा मोजायची पेन्सिलीएवढी नळी, अशा थाटात ते रोज सकाळी पावणेसहाला खाली उतरत. टायर गार असतानाच खरा आकडा देतो, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं होतं. आपल्या गाडीची चार चाकं मोजून झाली की हात शिवशिवायचे, मग शेजारच्यांची. आमच्या बिल्डिंगमध्ये सिरियन होते, मल्याळी होते, एक फिलिपिनो नर्स होती. सगळ्यांना चिठ्ठ्या गेलेल्या होत्या.

मॅन्युअल हा त्यांचा धर्मग्रंथ. घरातल्या प्रत्येक यंत्राचं मॅन्युअल ब्राऊन पेपरचं कव्हर घालून, वर नावाचं लेबल लावून कपाटात उभं असायचं. मिक्सर, गीझर, अगदी लग्नात आलेला कुकरसुद्धा, ज्याची शिट्टी कधीच हरवली होती. काही बिघडलं की इतर माणसं आधी यंत्रावर एक चापट मारून बघतात. काका चष्मा लावून पान शोधायचे. “डोळ्यांवर विश्वास ठेवू नये,” ते म्हणायचे, “आकड्यावर ठेवावा. आकडा कुणाचं मन राखायला बोलत नाही.”

पुढे माझी गाडी म्हातारी होऊन विकली गेली आणि मी काकांच्या गाडीतून कामाला जाऊ लागले. माझं ऑफिस त्यांच्या कारखान्यापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. सव्वासहाला निघायचं म्हणजे सव्वासहालाच. सहा सोळाला मी लिफ्टमधून बाहेर पडले तर ते घड्याळाकडे बघायचे नाहीत, काही बोलायचेही नाहीत, फक्त इंजिन सुरू करायचे. त्या आवाजात सगळं असायचं. शनिवारी मात्र काकूही यायच्या, माझी मुलगी इराही यायची, आणि आम्ही चौघं उम्म अल कुवैनच्या मासळी बाजारात जायचो. काका-काकू सीकेपी. आठवड्यातून एकदा ताजी सुरमई डोळ्यांनी पाहिली नाही तर दोघांनाही करमायचं नाही. डिकीत मोठा निळा आइसबॉक्स कायमचा मुक्कामाला होता.

त्यांची जुनी जपानी गाडी सतरा वर्षांची झाली होती. सगळे पत्रे वाजायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा काकांनी कुणालाही न सांगता एक जर्मन गाडी घेतली. सेकंडहँड, पण दिसायला कोरी करकरीत, काळी, चामड्याच्या सीटा. तीन वर्षांपूर्वी काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, तेव्हापासून त्यांच्या कंबरदुखीनं डोकं वर काढलं होतं. “आयुष्यभर नलूला डब्यातून फिरवलं,” काका मला म्हणाले. “इथून जाण्याआधी दोन वर्षं तरी तिनं आरामात बसावं.” नवऱ्यांना असं काही सुचतं तेव्हा ते बायकोला विचारत नाहीत, आणि बायकाही मग त्यांचा हिरमोड करत नाहीत. सगळा घोळ इथेच होतो.

गाडी आली त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये पूजा झाली. काकूंनी हळदकुंकू, नारळ आणि पाच लिंबं आणली. चार चाकांखाली चार आणि पाचवं स्टेपनीला. काकांचे वडील बस डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या घरी दसऱ्याला स्टेपनीला गंध लावल्याशिवाय पूजा पुरी होत नसे. “संकटात तीच धावून येते, तिला आधी नमस्कार,” असं वडील म्हणायचे. काकांनी डिकी उघडली, गालिचा उचलला. खाली काहीच नव्हतं. त्यांनी डिकीत डोकं घालून आतपर्यंत बघितलं. मग शोरूमला फोन लावला.

“अंकल, रनफ्लॅट है,” पलीकडचा तरुण मोठ्या उत्साहानं म्हणाला. फोन स्पीकरवर होता. “पंक्चर होने के बाद भी अस्सी किलोमीटर चलेगा. स्टेपनी का झंझट ही खलास!”

“म्हणजे हवा गेली तरी टायर बसणार नाही?”

“नहीं अंकल. बाजू की दीवार इतनी कडक है कि बिना हवा के भी खडा रहेगा. बाहर से पता भी नहीं चलेगा. यही तो फीचर है!”

काकांनी फोन ठेवला आणि जवळचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. इतकी वर्षं गळती शोधणाऱ्या माणसाला गळती लपवणारा टायर मिळाला होता. “हे काही बरं नाही,” एवढंच म्हणाले. काकूंनी मात्र वेळ मारून नेली. पाचव्या लिंबाचं सरबत झालं आणि आम्ही सगळे ते तिथेच उभ्यानं प्यालो.

गाडी देखणी होती यात शंका नाही. पण बसायला? देवा रे देवा. ते कडक टायर रस्त्यावरचा एकेक खडा मोजून वर पाठवायचे. हायवेवर ठीक, पण आमच्या गल्लीत दर पन्नास पावलांवर स्पीडब्रेकर. माझ्यासारख्या धडधाकट बाईचे दात वाजायचे. दुसऱ्याच शनिवारी काकू घडी घातलेली गोधडी घेऊन आल्या आणि ती सीटवर घालून बसल्या. “खालून एसी फार लागतो गं,” म्हणाल्या. खालून एसी! आणि मी शहाणी, एमबीए झालेली, तेही खरं मानलं. मी त्यांच्या बरोबर मागे बसायचे. स्पीडब्रेकर यायच्या आधी त्यांचा हात दारावरच्या कडीकडे जायचा आणि बोटांची पेरं पांढरी व्हायची, हे मी प्रत्येक शनिवारी बघत होते. सवय असेल एखाद्याला, असं मनाशी म्हणून मी मोबाईलमध्ये डोकं घालायचे. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

काकांनी विचारलं नाही असं नाही. रोज विचारायचे, “कशी वाटते गाडी?” काकू म्हणायच्या, “राणीसारखी वाटतेय.” ते खूश होऊन गिअर टाकायचे.

पहिलं पंक्चर झालं ते कामाच्या दिवशी. सकाळी जाताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. काकांनी ताबडतोब वेग ऐंशीवर आणला, कारण मॅन्युअलमध्ये ऐंशीच्या पुढे मनाई होती. एकशेवीसच्या रस्त्यावर ऐंशीनं जाणारी काळी जर्मन गाडी! खडी वाहणारे ट्रक हॉर्न मारत आम्हाला ओलांडून गेले. एका ट्रकवाल्यानं खिडकीतून हात काढून यल्ला, यल्ला, म्हणजे चला, आटपा, केलं. मी मान खाली घालून बसले होते. काका मात्र ताठ. “ऐंशी म्हणजे ऐंशी,” ते समोर बघून म्हणाले, “त्यांनी मॅन्युअल वाचलेलं नाही.”

संध्याकाळी आम्ही शारजाच्या औद्योगिक भागात टायरची दुकानं पालथी घातली. पहिल्यानं सांगितलं, रनफ्लॅटला पॅच मारत नाही, नवीन घ्या. दुसऱ्याकडे तो साइझ नव्हता, आठ दिवसांनी येईल, इन्शाल्ला. तिसरा म्हणाला, एक बदलून चालणार नाही, जोडीच घ्यावी लागेल. “बाराशे दिरहम एक,” काका माझ्याकडे वळून म्हणाले, “म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये! एका खिळ्यापायी छप्पन हजार!” चौथं दुकान इस्माईलभाईंचं निघालं. माणूस रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, हात कोपरापर्यंत काळे. आमचं मराठी ऐकून त्यांनी आधी दोन खुर्च्या पुसल्या, मग गाडीकडे बघितलं.

“काका, सगळे ह्याच्यावर रडतात बघा,” ते म्हणाले. “गाडी घेताना कोण विचारीत नाय आणि पंक्चर झाल्यावर माझ्याकडे येतात. साधा टायर इमानदार. हवा गेली की खाली बसतो, बोलतो, मला बघा. ह्यो बोलीतच नाय.”

काकांना हे इतकं पटलं की त्यांनी इस्माईलभाईंना त्यांचा स्वतःचा प्रेशर गेज दोन आकडे चुकीचा दाखवतो हे सांगून टाकलं. ती त्यांची मैत्री करायची रीत होती. इस्माईलभाई हसले. त्यांनी कुठून कुठून फोन करून दोन दिवसांत जोडी मिळवून दिली.

त्यानंतर त्या पिवळ्या दिव्यानं छळ मांडला. नव्या चाकातला सेन्सर रुसला होता की काय कोण जाणे, पण दुपारच्या उन्हात गाडी तापली की दिवा लागायचाच. चाकांत हवा अगदी बरोबर असायची. तरी काका पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी घेणार, खाली उतरणार, चारी चाकांशी उकिडवे बसणार, मोजणार आणि घामानं निथळत परत येणार. जुलैचं ऊन. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. सेन्सरची वेळ मागितली होती, ती तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती.

“इट्स जस्ट अ लाइट, काका,” इरा मागून म्हणायची.

“दिवा उगाच लागत नसतो, बेटा,” काका म्हणायचे आणि उतरायचे.

एका शनिवारी ते असेच तिसऱ्यांदा उतरून आले, तोंड लालबुंद झालेलं. काकूंनी कपाळावरची मरून टिकली काढली, पुढे वाकल्या आणि ती त्या दिव्यावर चिकटवून दिली. टिकली बरोब्बर बसली.

“अहो, आता दिसतो का दिवा?”

“नलू, मॅन्युअलमध्ये...”

“मॅन्युअलला नाही लावली, दिव्याला लावलीय. सकाळी तुम्ही मोजता ना? तेवढं पुरे. उन्हात उतरायचं नाही, माझी शपथ आहे.”

काका हसले. बायकोनं आपल्यासाठी कपाळावरची टिकली काढली, यापुढे मॅन्युअल कुठलं टिकायला. ती टिकली तिथेच राहिली. काका सकाळी मोजायचे आणि दिवसभर निश्चिंत असायचे. आम्ही सगळेच निश्चिंत होतो.

ऑगस्टातल्या एका शनिवारी मासे घेऊन झाल्यावर काकांनी इराला खारफुटी दाखवायची म्हणून गाडी खाडीकडे वळवली. तिकडे रस्त्याचं काम चाललं होतं. बगळे बघून झाले, खारफुटीच्या मुळांवर काकांचं भाषण झालं आणि आम्ही लांबच्या रस्त्यानं शारजाकडे निघालो. काकू नेहमीपेक्षा गप्प होत्या. ऊन लागलं असेल असं मला वाटलं. त्यांचा हात आज कडीवरून सुटतच नव्हता. शारजात शिरता शिरता इरा म्हणाली, “मम्मा, समथिंग इज बर्निंग.”

वास मलाही आला, रबर जळल्याचा. काकांनी गाडी थेट इस्माईलभाईंच्या दारात नेली. इस्माईलभाईंनी पुढचं उजवं चाक काढलं. काकू बसायच्या, त्याच बाजूचं. टायर रिमवरून सोडवून त्यांनी उलटा केला तर आतून काळा भुगा पडला, ओंजळभर. बाहेरून तो टायर अजूनही धडधाकट दिसत होता.

“किती चालवलीत अशी?” त्यांनी विचारलं.

“सकाळी मोजली होती. छत्तीस होती,” काका म्हणाले.

“सकाळचं सोडा. चाळीस-पन्नास किलोमीटर रिकाम्या टायरवर आलात तुम्ही. हा बघा खिळा. काका, गाडीत चार माणसं, कोणालाच कळलं नाय?”

आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. इरा आइसबॉक्सवर. काकांची नजर डॅशबोर्डवरच्या टिकलीकडे गेली. मग काकू, कंबरेवर हात ठेवून, अगदी सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, “मला कळलं होतं.”

काका वळले. “कळलं होतं? मग बोलली का नाहीस?”

“खाडीपासूनच जास्त लागत होतं. पण म्हटलं, असेल. रोज तसंच लागतं.”

मी काकूंच्या तोंडाकडे बघितलं. बोलून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं होतं की आपण काय बोलून बसलो. त्यांनी पदर सारखा केला, “अहो, तसं नाही हो,” म्हणाल्या. पण ते आता आत घेता येण्यासारखं नव्हतं. काका उभेच होते, हातात तो खिळा घेऊन. “रोज?” त्यांनी विचारलं. इस्माईलभाई शहाणे, ते चहा सांगायच्या निमित्तानं बाहेर निघून गेले. काकांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची कला त्यांच्याकडे नव्हती.

टायर दुकानात नव्हता, म्हणून गाडी तिथेच ठेवली आणि आम्ही आइसबॉक्ससकट टॅक्सीनं घरी निघालो. ड्रायव्हर पेशावरचा, पांढऱ्या दाढीचा. काका पुढे बसले, पण सगळा वेळ मान वळवून मागे बघत होते. आमच्या गल्लीतला पहिला स्पीडब्रेकर आला. टॅक्सी डुलत वर चढली, डुलत उतरली. काकूंचे दोन्ही हात मांडीवर होते. दुसरा आला, तिसरा आला. हात मांडीवरच.

“भाईसाब,” काकांनी विचारलं, “टायर में हवा कितनी रखते हो?”

“अल्ला जाने साहब. पंपवाला जो भर दे.”

एरवी काकांनी त्याला तिथल्या तिथे खाली उतरवून शिकवणी घेतली असती. त्या दिवशी ते फक्त “शुक्रिया” म्हणाले.

सोमवारी आम्ही दोघं ऑफिसच्या बसनं गेलो. अर्ध्या रस्त्यात ते खिडकीकडे बघत म्हणाले, “माझं काम काय आहे? गळती शोधणं. लाखो झाकणं परत पाठवली मी. आणि वर्षभर बायको शेजारी बसून सोसत होती, ते मला दिसलं नाही. मी तिला विचारत होतो, गाडी कशी वाटते. तिला कसं वाटतं ते विचारतच नव्हतो गं.” मलाही दिसत होतं, असं सांगायचं धाडस झालं नाही. ते मी पुढे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तू तरी कडीकडे बघितलंस!” आणि मला पोहे वाढले.

त्याच संध्याकाळी आम्ही परत इस्माईलभाईंकडे गेलो.

“जोडी उद्या येते काका,” ते म्हणाले.

“जोडी नको. साधे टायर द्या. चार.”

इस्माईलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “तुम्ही बोलता हे? तुमचं ते बुक काय बोलतं?”

“बुक नाही म्हणतंय. शोरूमवाला पण नाही म्हणाला. तुम्ही मऊ टायर द्या.”

“मऊ म्हंजे कसले?”

“पाठ दुखणाऱ्या माणसाला चालतील असले.”

“असा साइझ येत नाय, काका,” इस्माईलभाई म्हणाले, पण त्यांनी आत जाऊन बराच वेळ शोधाशोध केली. टायर बसवून झाल्यावर त्यांनी बाहेरच्या रस्त्यावरच्या स्पीडब्रेकरवरून गाडी स्वतः चारदा नेऊन आणली. मग कुठल्याशा भंगारातून त्याच मापाचं एक चाक पैदा केलं आणि स्टेपनी म्हणून दिलं. त्यावर स्वतः फडका मारला.

प्रश्न असा की ती ठेवायची कुठे? डिकीत आइसबॉक्स, आणि आइसबॉक्स काढायचा विषय कुणाच्याही मनाला शिवला नाही. काकांनी स्टेपनी मागच्या सीटवर उभी ठेवली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि तिला सीटबेल्ट लावला. तेव्हापासून शनिवारी मी, इरा आणि स्टेपनी असे तिघं मागे दाटीवाटीनं बसू लागलो. “इज ही कमिंग टू?” इरानं पहिल्या दिवशी विचारलं. पेट्रोल पंपावरची पोरं खिडकीतून वाकून बघायची. काका गंभीरपणे सांगायचे, “फॅमिली मेंबर है.” मी वैतागायचे, कारण वळणावर ती बया माझ्याच अंगावर रेलायची.

एकदा सेवा केंद्राचा नंबर बघायला मी गाडीचं मॅन्युअल उघडलं. टायरच्या पानावर, फक्त रनफ्लॅटच वापरावेत असं जिथे ठळक छापलं होतं, तिथे समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं : ‘अपवाद – नलू.’ मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि नंबर दुसऱ्याला विचारला.

काकूंची कंबर काही टायरनं बरी झाली नाही. दुखणं होतंच. पण आता त्या बोलायच्या. “अहो, हळू,” म्हणायच्या, “आज नको, आज फार दुखतंय,” म्हणायच्या. आणि काका त्यांचं म्हणणं आकड्यासारखं ऐकायचे, लगेच, वाद न घालता. पहाटेच्या चिठ्ठ्या चालूच होत्या. फक्त फिलिपिनो नर्सला गेलेल्या एका चिठ्ठीत हवेच्या आकड्याखाली ‘आर यू ओके?’ असं इंग्रजीत लिहिलेलं तिनं मला दाखवलं. ती बरेच दिवस रडवेली दिसत होती, असं काकांचं म्हणणं.

मग निवृत्ती आली. बिऱ्हाड ठाण्याला हलवायचं ठरलं. भांडी वाटली गेली, मॅन्युअलं बांधली गेली. गाडी इस्माईलभाईंच्या ओळखीतला एक जण घेणार होता. त्यांच्या जाण्याच्या आठवड्यातच माझ्या आईचं पुण्यात ऑपरेशन ठरलं आणि मला रविवारी विमान पकडणं भाग होतं. मी परत येईन तेव्हा ४०४ मध्ये दुसरं कोणीतरी राहायला आलेलं असणार होतं. म्हणून शनिवारी शेवटचं म्हणून आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. काकांनी दोन मोठ्या सुरमया घेतल्या, एक आमच्यासाठी. काकू कोळणीशी घासाघीस करावी तशी त्या बांगलादेशी विक्रेत्याशी करत होत्या. खाडीच्या काठी बसून आम्ही चहा प्यालो.

परत येताना काकूंची मान एका बाजूला कलली. आधी मला वाटलं, बाहेर बघताहेत. मग श्वास ऐकू आला. त्या झोपल्या होत्या. या गाडीत त्यांना झोपलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. काकांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी रेडिओ बंद केला. आमच्या गल्लीतले स्पीडब्रेकर त्यांनी अशा बेतानं ओलांडले की चाकं कधी चढली आणि कधी उतरली ते मलाही कळलं नाही. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तर त्यांनी आरशातून त्याला हात जोडले.

पार्किंगमध्ये गाडी उभी राहिली. काकांनी इंजिन बंद केलं नाही. एसी बंद झाला तर जाग आली असती. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला उतरायची खूण केली. इरा मांजरीसारखी उतरली. मी दार नुसतं टेकवलं, लावलं नाही.

“काका, मासे?” मी खिडकीशी वाकून कुजबुजले. “बर्फ वितळला असेल.”

“राहू दे,” ते म्हणाले. “झोपलीय.”

सूर्यास्ताची, मग्रिबची अजान होत होती. मी वर गेले, इराला आंघोळीला पाठवलं, उद्याची बॅग भरली. पाऊण तासानं कचऱ्याची पिशवी टाकायला खाली आले. गाडी तशीच सुरू होती, आतला छोटा दिवा लागलेला. माझं दार अजून तसंच टेकवलेलं होतं. काकूंची मान कललेलीच होती, झोपेतला संथ श्वास ऐकू येत होता आणि काका स्टिअरिंगवरचे हात काढून, जरा तिरपे होऊन, त्यांच्याकडे बघत बसले होते.